मोठी लक्झरी सेडान इतकी साधी का दिसते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे एका नामांकित कंपनीची मोठी सेडान बरीच वर्षे आहे. तिची नवी पिढी पाहायला गेलात, तेव्हा जुनी आणि नवी शेजारी उभी असूनही बरोबरच्या मंडळींना पटकन फरक सांगता आला नाही. दुसऱ्या कंपनीची गाडी मात्र दोन भागांत विभागलेले हेडलॅम्प आणि भलीमोठी ग्रिल घेऊन समोर आली. आपण विचारता, की ज्या गाडीवर सर्वाधिक पैसा आणि सर्वात अनुभवी माणसे खर्ची पडतात, तीच दिसायला सर्वात भित्री का असते? आणि गाडी दहा-बारा वर्षे ठेवायची असेल, तर या दोहोंपैकी कोणते रूप आधी शिळे होईल?

मी मोटारींच्या बाह्यरूपाच्या कामात आयुष्य काढले आहे आणि त्यातला मोठा भाग क्ले मॉडेलभोवती (गाडीच्या मातीच्या नमुन्याभोवती) फिरत, पत्र्याच्या वळणांवर वाद घालण्यात गेला आहे. त्या अनुभवावरून प्रश्न थोडा बदलून मांडावासा वाटतो. ‘धाडसी की संयत’ हा भेद गाडीच्या खरेदीत फारसा कामाचा नाही. कंपनीने जुन्या गाडीतले नेमके काय राखले आणि ते राखण्यासाठी कष्ट घेतले की नाही, हे पाहिले पाहिजे. प्रत्येक रेघेचा पुन्हा विचार करून अनावश्यक तेवढे काढून टाकले, तरी गाडी साधी दिसते. आणि कोणी काहीच विचार केला नाही, तरीही ती साधीच दिसते. छायाचित्रात हे दोन्ही प्रकार सारखे भासतात, प्रत्यक्ष गाडीपुढे उभे राहिल्यावर मात्र फारसे भासत नाहीत. उत्तराचा काही भाग आपल्या परिस्थितीवरही अवलंबून आहे: आपण स्वतः चालवता की मागे बसता, गाडी किती वर्षे ठेवणार आहात, आणि ती पेट्रोलची आहे की विजेवर चालणारी. त्याकडे पुढे येतो.

आधी भित्रेपणाच्या आरोपाविषयी. या वर्गातील गाडीचा पहिला ग्राहक हा बहुधा त्याच कंपनीच्या आधीच्या गाडीचा मालक असतो. तो तीन-चार वर्षांनी परत येतो आणि परत येताना त्याच्या जुन्या गाडीला काय किंमत मिळते, यावर त्याचा पुढचा निर्णय बराचसा ठरतो. ब्रुनो साको हे 1975 ते 1999 या काळात मर्सिडीज-बेंझच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते आणि त्यांनी हा विचार दोन तत्त्वांत बांधला होता. एक म्हणजे, एकाच काळात विकल्या जाणाऱ्या कंपनीच्या सगळ्या गाड्या एका घराण्याच्या वाटल्या पाहिजेत. दुसरे अधिक महत्त्वाचे: नवी पिढी आल्यामुळे जुनी पिढी एका रात्रीत म्हातारी दिसता कामा नये. बाहेरून पाहणाऱ्याला यात जुन्याला चिकटून राहणे दिसते. ज्याने कालच पूर्ण किंमत मोजून गाडी घेतली आहे, त्याच्या दृष्टीने ही त्याला दिलेली हमी असते.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे चालते, हे मर्सिडीजच्या मोठ्या सेडानच्या दोन पिढ्या, 1972 ची एस-क्लास (डब्ल्यू 116; हा कंपनीचा अंतर्गत संकेतांक) आणि 1979 ची एस-क्लास (डब्ल्यू 126) यांच्याकडे पाहून कळते. पहिल्या गाडीवर क्रोमचे जाड बंपर आहेत आणि ते अंगावर बसवल्यासारखे दिसतात. दुसरीत बंपर शरीराचाच भाग झाले, दरवाजांच्या खालच्या भागावर वेगळ्या रंगाची सपाट पट्टी आली, क्रोम कमी झाले, आणि नाकाचा उतार हवेच्या प्रवाहाचा विचार करून आखला गेला. बदल इतके मोठे असूनही ग्रिलची उभी चौकट, आडवे दिवे आणि छताचा शांत उतार कायम राहिल्यामुळे 1979 साली 1972 ची गाडी घेऊन फिरणाऱ्याला ओशाळवाणे वाटण्याचे कारण नव्हते. डब्ल्यू 126 चे उत्पादन 1991 पर्यंत चालले आणि 8 लाखांहून अधिक सेडान तयार झाल्या. त्या आकाराच्या आणि त्या किमतीच्या गाडीसाठी हा आकडा थक्क करणारा आहे.

इथे काळाचा हिशेबही लक्षात घ्यावा. गाडी दुकानात येण्याच्या दोन-तीन वर्षे आधी तिचा पत्रा पक्का झालेला असतो, कारण त्यानंतर साचे बनवायचे असतात. मग ती साधारण सात-आठ वर्षे विकली जाते. शेवटच्या वर्षी विकली गेलेली गाडी पुढे आणखी दहा-बारा वर्षे रस्त्यावर असते. म्हणजे आज कागदावर ओढलेली रेघ वीस वर्षांनीही कोणाच्या तरी दारात उभी असणार आहे. लहान, स्वस्त गाडीला आजची हौस चालून जाते, कारण ती लवकर बदलली जाते आणि तिच्याकडून कोणी प्रतिष्ठेची अपेक्षा ठेवत नाही. मोठ्या सेडानमध्ये तीच हौस लवकर अंगाशी येते.

संयत रूप नेहमीच मवाळ असते असेही नाही. 1959 साली कॅडिलॅकच्या मागच्या फेंडरवरचे (चाकावरच्या पत्र्यावरचे) पंख त्यांच्या सर्वोच्च उंचीला पोहोचले होते आणि अमेरिकेतील सगळ्या मोठ्या गाड्या क्रोमने लडबडलेल्या होत्या. दोनच वर्षांनी एल्वुड एंगेल यांच्या आराखड्यावरून 1961 ची लिंकन कॉन्टिनेंटल आली. तिच्या बाजू जवळजवळ सपाट होत्या, फेंडरच्या वरच्या काठावरून चमकणारी एकच पट्टी पुढून मागे जात होती, आणि आधीच्या मॉडेलपेक्षा ती एका फुटाहून अधिक आखूड होती. त्या वर्षी त्या बाजारात याहून धाडसी गाडी दाखवणे कठीण आहे.

आता साधेपणा महाग का पडतो, ते सांगतो. साध्या कापडाच्या सदऱ्यात कापणी आणि शिवण दडवता येत नाही, भरतकामाखाली ती खपून जाते. पत्र्याचेही तसेच असते. ज्या गाडीच्या दरवाजावर तीन घड्या, खाली एक खोटी झडप (हवेसाठीचे नुसते दिखाऊ तोंड) आणि वर क्रोमची पट्टी असते, तिथे मूळ प्रमाण चुकले असले तरी नजर दागिन्यांतच अडकते. दागिने काढले की उरते ते फक्त प्रमाण आणि पृष्ठभाग, आणि या दोन्ही गोष्टी स्टुडिओतील डिझायनरच्या एकट्याच्या हातात नसतात.

प्रमाणात सर्वात महत्त्वाचे अंतर म्हणजे पुढच्या चाकाचा मध्य आणि डॅशबोर्ड यांच्यातील. इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवलेले आणि मागची चाके चालवणारी गाडी असेल, तर हे अंतर लांब ठेवता येते. मग पुढचे चाक नाकाच्या जवळ जाते, बॉनेट लांब वाटते आणि प्रवासी कक्ष मागच्या चाकांकडे टेकल्यासारखा दिसतो. डोळ्याला हीच स्थिती भारदस्त वाटते, कारण तिच्यात घाई नसते. आडव्या इंजिनाच्या गाडीत हे अंतर मुळातच कमी असते आणि वर कितीही उत्तम पत्रा चढवला तरी ते लपत नाही. दुसरे प्रमाण चाकाचे. 2003 च्या रोल्स-रॉईस फँटममध्ये चाकाचा व्यास गाडीच्या उंचीच्या सुमारे निम्मा ठेवला होता. ही गाडी इतकी उंच असूनही ढोबळ वाटत नाही, याचे बरेचसे श्रेय या एका निर्णयाला जाते. असे निर्णय पहिले रेखाचित्र कागदावर येण्याच्या आधी, अभियांत्रिकीच्या बैठकीत होतात आणि त्यासाठी पैसे मोजावे लागतात. म्हणून एखादी गाडी साधी असून श्रीमंत दिसत असेल, तर त्या बैठकीत डिझाइन विभागाचा शब्द चालला होता असे खुशाल समजावे.

पृष्ठभागाचे काम प्रत्यक्षात कसे होते, हे पाहिल्याशिवाय पटणे अवघड आहे. पूर्ण आकाराचे क्ले मॉडेल तयार झाले, की त्यावर ताणून बसणारी रंगीत फिल्म चढवली जाते आणि वर ओळीने लावलेल्या दिव्यांचे प्रतिबिंब तिच्यात पाहिले जाते. मोठ्या सेडानच्या बाजूवर, खिडक्यांच्या जरा खाली, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत प्रकाशाची एक रेघ धावते. ही रेघ सरळ नसते, सरळ ठेवली तर मधोमध खचल्यासारखी भासते, म्हणून तिला अगदी पुसट कमान द्यावी लागते. मागच्या दरवाजाच्या हँडलपाशी हमखास गडबड होते. तिथून दरवाजाचा बाक संपून मागच्या चाकाच्या कमानीचा फुगवटा सुरू होतो आणि दोघांचा मेळ बसला नाही, तर प्रतिबिंब क्षणभर जाड होऊन पुन्हा बारीक होते. नुसत्या पत्र्याकडे पाहून हा दोष दिसत नाही. मग मॉडेलर फिल्म सोलतो, पातीने केसभर माती खरवडतो, पुन्हा फिल्म चढवतो आणि आम्ही सगळे पंधरा-वीस पावले मागे जाऊन डोके एका बाजूला कलते करून पुन्हा पाहतो. दरवाजावर एखादी ठसठशीत घडी टाकली असती, तर हा सगळा खटाटोप वाचला असता, कारण घडीच्या वर आणि खाली प्रकाश तुटतोच. अनेक गाड्यांवरच्या घड्यांचा जन्म असाच होतो, हे आमच्या व्यवसायाचे उघड गुपित आहे.

या बाबतीतले टोकाचे उदाहरण म्हणजे टोयोटा सेंच्युरी. टोयोटा उद्योगसमूहाचे संस्थापक साकिची टोयोदा यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने 1967 साली आलेली ही गाडी किरकोळ बदलांसह 1997 पर्यंत चालली. दुसरी पिढी 1997 साली 12 सिलिंडरचे इंजिन घेऊन आली आणि तिसरी 2018 साली 8 सिलिंडरच्या हायब्रिड इंजिनासह. तिन्ही पिढ्यांची छायाचित्रे ओळीने ठेवली, तर एकाच गाडीचे वय वाढत गेल्यासारखे दिसते. तिसऱ्या पिढीच्या खांद्याच्या रेघेजवळ जाऊन पाहिले, तर ती एक नसून एकमेकींना समांतर अशा दोन कडा आहेत आणि त्यांच्यामध्ये अरुंद पट्टी सोडलेली आहे. जपानमधील हेयान काळातील (आठवे ते बारावे शतक) पडद्यांच्या लाकडी खांबांचे कोपरे ज्या पद्धतीने तासत, त्या ‘किचोमेन’ पद्धतीवरून ती घेतली आहे. तिच्या काळ्या रंगाचे सात थर असतात, मधल्या टप्प्यांवर ते पाण्याने घासले जातात आणि शेवटी हाताने चकाकी आणली जाते. लांबून पाहणाऱ्याला ती तीस वर्षे जुनी सरकारी गाडी वाटू शकते. तिच्या मालकाला त्याचे काही वाटत नाही, किंबहुना त्याला तेच हवे असते. प्रत्येक कंपनीला हे जमेल किंवा जमावे असे नाही. एकाच देशातल्या, जवळजवळ एकाच प्रकारच्या ग्राहकासाठी गाडी बनवायची असल्यामुळे सेंच्युरीला हे परवडते.

संयत रूप फसते कुठे, हेही सांगणे भाग आहे, नाहीतर हे उत्तर एकतर्फी होईल. फोक्सवॅगन फेटन 2002 साली आली. कंपनीचे प्रमुख फर्डिनांड पिएश यांच्या आग्रहाखातर तिच्या अभियांत्रिकीवर अफाट मेहनत घेतली गेली होती आणि तिच्यासाठी ड्रेस्डेनमध्ये काचेच्या भिंतींचा कारखाना उभारला होता. पण तिचा चेहरा त्याच कंपनीच्या पसाटशी इतका मिळताजुळता होता, की अनेकांना ती मोठी पसाटच वाटली. राखण्यासारखा मोठ्या सेडानचा वारसा कंपनीकडे नव्हता, म्हणून जे राखले गेले ते मध्यम वर्गाच्या गाडीचे रूप. 2016 साली उत्पादन थांबले. यावर कोणी म्हणेल, की 1989 च्या लेक्सस एलएस 400 लाही वारसा नव्हता आणि तीही साधीच होती. खरे आहे, आणि त्या काळच्या जर्मन गाड्यांचे वळण तिने उघडपणे गिरवले होते. परंतु लेक्सस हे नाव नवे होते, त्याच नावाखाली तिच्यासारखी दिसणारी स्वस्त गाडी ग्राहकाच्या डोळ्यांसमोर नव्हती. शिवाय तिचा दावा शांततेचा आणि नेटकेपणाचा होता. चालत्या इंजिनावर रचलेले शँपेनच्या पेल्यांचे मनोरे न हलणारी तिची जाहिरात प्रसिद्ध आहे. हवेच्या अवरोधाचा गुणांक (जितका कमी तितका चांगला) 0.29, पत्र्यांमधल्या फटी बारीक आणि सगळीकडे एकसारख्या. असा दावा करणाऱ्या गाडीला साधे रूपच शोभते.

जग्वार एक्सजेची गोष्ट मला अधिक शिकवणारी वाटते. 1968 च्या पहिल्या एक्सजेचे सौंदर्य तिच्या ठेंगणेपणात होते: छत खाली, खिडक्या उथळ, चार गोल दिवे आणि त्यांच्यामागे बॉनेटवर उमटलेले चार उंचवटे. 2003 मध्ये विक्रीला आलेल्या एक्सजेचे (एक्स 350) शरीर ॲल्युमिनियमचे, रिव्हेट आणि चिकटद्रव्याने जोडलेले होते आणि तंत्राच्या दृष्टीने ती काळाच्या पुढे होती. मात्र आत जागा हवी म्हणून तिची उंची आणि लांबी वाढवली गेली आणि बाहेरून 1968 च्या रेघा तशाच ठेवल्या गेल्या. बुटक्या गाडीसाठी काढलेली चित्ररेषा उंच गाडीवर ताणली गेली. डोळे, नाक, ओळखीचे उंचवटे सगळे जागच्या जागी होते, पण ती बसण्याची ऐट गेली होती. माझ्या मते रेघांऐवजी ठेंगणेपण राखले असते आणि रेघा नव्या काढल्या असत्या, तर ती अधिक खरी एक्सजे झाली असती. 2009 मध्ये जग्वारचे डिझाइनप्रमुख इयान कॅलम यांनी जवळजवळ हाच उलटा मार्ग घेतला. ती गाडी लांब, उतरत्या छताची आणि देखणी होती, परंतु छताला आधार देणाऱ्या मागच्या खांबावरचा काळा तुकडा अनेकांना शेवटपर्यंत पचला नाही.

आकाराचीही एक मर्यादा असते. 1991 ची एस-क्लास (डब्ल्यू 140) आधीच्याच संयत घाटाची होती, पण इतक्या मोठ्या शरीरावर त्याच सपाट, शांत बाजू आल्यावर ती जर्मनीतच अनेकांना उद्दाम वाटली. 1998 ची तिची वारस आकाराने लहान आणि वजनाने हलकी करण्यात आली.

आता दुसरी बाजू. धाडसाची चर्चा 2001 च्या बीएमडब्ल्यू 7 सीरिजशिवाय (ई 65) पुरी होत नाही. डिझाइनप्रमुख ख्रिस बँगल यांच्यावर त्या वेळी किती टीका झाली, त्यांना हटवण्यासाठी इंटरनेटवर सह्यांची मोहीम कशी चालली, हे जाणकारांना आठवत असेल. तिच्या डिकीचे झाकण मागच्या फेंडरवर वेगळे आणून ठेवल्यासारखे दिसत होते आणि दिव्यांवर भुवया होत्या. विक्रीत ती पडली नाही, हे टीकाकारांनी लक्षात घ्यायला हवे. झाकणाची ती थर दिलेली कल्पना पुढे इतर कंपन्यांच्या गाड्यांवरही सौम्य रूपात दिसू लागली. तरीही 2005 मध्ये कंपनीने स्वतःच दिवे आणि डिकी निवळवली आणि 2008 ची पुढची पिढी बरीच शांत होती. माझे मत विचाराल, तर ई 65 चा दोष तिच्या धाडसात नव्हता. पुढचा भाग, बाजू आणि मागचा भाग तीन वेगळ्या माणसांनी काढल्यासारखे वाटत होते, हा तिचा दोष होता.

आजच्या गाड्यांकडे येतो, कारण आपला निर्णय त्यांच्यात व्हायचा आहे. तीन गाड्यांचे व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर) शेजारी ठेवून पाहा: 2020 ची लांब एस-क्लास 3216 मिलिमीटर, 2022 ची 7 सीरिज 3215, आणि मर्सिडीजचीच विजेवर चालणारी 2021 ची ईक्यूएस 3210. फरक जेमतेम बोटाच्या पेराएवढाही नाही, आणि तरी तिन्ही रूपे तीन टोकांची आहेत. लोकांचा सगळा वाद ग्रिल आणि दिव्यांवर चालतो. मी आधी उंची पाहतो. एस-क्लास 1503 मिलिमीटर उंच आहे, 7 सीरिज 1544. जवळपास 4 सेंटीमीटरचा हा फरक मुख्यतः यामुळे आला, की 7 सीरिजच्या एकाच शरीरात पेट्रोलचे इंजिनही बसवायचे होते आणि मजल्याखाली बॅटरीही. उंची वाढली, की बाजूचा पत्रा खोल होतो. खोल पत्रा पातळ दिसावा म्हणून काहीतरी करावे लागते. आणि एवढ्या उंच नाकावर लहान ग्रिल बसवली, तर नाक रिकामे दिसते. त्या मोठ्या ग्रिलमागे चीनमधील तुलनेने तरुण ग्राहकाची आवड आहेच, परंतु मांडणीची ही अडचणही आहे. चेहरा आवडला नाही तरी तो उगाच आलेला नाही, एवढे मान्य करायला हवे.

ईक्यूएसने उलट मार्ग धरला. इंजिन नाही, मग लांब बॉनेट कशाला, या तर्काने पुढून मागे एकच कमान काढली आणि हवेच्या अवरोधाचा गुणांक 0.20 पर्यंत आणला. अभियंत्याच्या नजरेने हे चोख काम आहे. पण पारंपरिक आकाराची एस-क्लासही 0.22 पर्यंत पोहोचली आहे. विजेच्या गाडीत या फरकाने पल्ला वाढतो, म्हणून तो नगण्य म्हणता येणार नाही; मात्र त्याच्या बदल्यात लांब बॉनेट, उभे नाक आणि स्वतंत्र डिकी या तिन्ही ओळखीच्या खुणा सोडून देणे मोठ्या सेडानच्या ग्राहकाला पटले नाही. 2024 च्या सुधारणेत बॉनेटवर उभा तारा आणि पुढच्या काळ्या पट्टीवर क्रोमच्या रेघा उपलब्ध झाल्या, त्या यामुळेच. कमानीसारखा मूळ आकार मात्र तसाच राहिला, कारण सुधारणेत प्रमाण बदलता येत नाही.

शिळेपणाविषयी आपण विचारलेच आहे, तर माझ्या अनुभवात गाडीच्या अंगावर वय एकाच वेळी चढत नाही. सर्वात आधी जुने दिसतात ते दिव्यांतले एलईडीचे नक्षीकाम आणि आतले पडदे, कारण त्यांचे तंत्र दर तीन-चार वर्षांनी बदलते. त्यानंतर चकचकीत काळे प्लास्टिक, जे शिळे होण्याआधी ओरखड्यांनी पांढुरके होते. मग ग्रिलची जाळी आणि बंपरमधल्या खोट्या झडपा. पत्र्यावरच्या घड्या साधारण दशकभरात आपला काळ सांगू लागतात. प्रमाण मात्र सहसा जुने होत नाही. 1968 ची एक्सजे आजही रस्त्यावर नजर धरून ठेवते. दहा-बारा वर्षांचा विचार असेल, तर ज्या गाडीची ओळख दिवे आणि पडदे काढून टाकल्यावरही शिल्लक राहते, ती निवडावी. यात बहुतेक वेळा संयत गाडी पुढे निघते. नेहमीच निघते असे नाही. एखादी गाडी वरवर शांत असून तिची सगळी भिस्त दारावर कोरलेल्या दिव्यांच्या पट्टीवर असू शकते.

हे तपासण्यासाठी दोन्ही गाड्या उघड्यावर, शक्यतो सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात मागवून घ्या. विक्री दालनातल्या दिव्यांत दोष लपून जातात. मागच्या कोपऱ्यापासून पंधरा-वीस पावलांवर उभे राहा आणि छताची रेघ डिकीपर्यंत कशी उतरते, ते पाहा. तिथे छत आणि डिकी यांच्यात घाई झालेली दिसली, तर मागच्या प्रवाशाच्या डोक्यासाठी उशिरा केलेली तडजोड समजावी. मग बाजूने चालत जा आणि दारांवरच्या प्रकाशाच्या रेघेवर लक्ष ठेवा. ती मागच्या हँडलपाशी अडखळते का? पुढच्या दरवाजाची पुढची फट आणि चाकाची कमान यांच्यात पुरेसे अंतर आहे का? शेवटी गडद रंगाची गाडी पाहा, कारण पांढऱ्या आणि चंदेरी रंगात साधा पत्रा आणि हलगर्जी पत्रा यांतला फरक बराच बुजतो. संयत गाडी या तपासणीत उतरली, तर तिच्यावर आळसाचा आरोप टिकत नाही. उतरली नाही, तर मात्र आपली शंका रास्त आहे आणि केवळ परंपरेच्या नावाखाली ती घेऊ नये.

आपण मागे बसत असाल, तर आणखी एक गोष्ट विचारात घ्या. मागच्या सीटवरून ग्रिल दिसत नाही. दिसते ती खिडकीची खालची कड आणि मागच्या खांबाची जाडी. बाहेरून ऐटबाज वाटणारी चढती खिडकीरेषा आतल्या माणसाच्या खांद्यापर्यंत भिंत उभी करते, आणि जाड खांब आडोसा देतो तसा अंधारही देतो. हे बसूनच ठरवावे, त्यात माझ्या मताला फारशी किंमत नाही.

खरेदी कधी करावी, हेही या शैलीच्या भेदावर थोडे अवलंबून आहे. संयत गाडीच्या मध्यावधी सुधारणेत बहुधा बंपर, दिवे आणि आतली उपकरणे बदलतात, रूप जवळजवळ तेच राहते. म्हणून केवळ दिसण्यासाठी थांबण्यात हशील नाही, आवडली असेल तर आता घेतली तरी चालेल. धाडसी गाडीबाबत मी थांबण्याचा सल्ला देईन. ज्या गोष्टीवर सर्वाधिक टीका झाली, तीच सुधारणेत सहसा निवळवली जाते, जसे 2005 मध्ये 7 सीरिजच्या डिकीचे झाले आणि 2024 मध्ये ईक्यूएसच्या नाकाचे. अशी सुधारणा आल्यावर सुरुवातीच्या गाड्या लगेच वेगळ्या ओळखू येतात, आणि पुढे विकताना ते मालकाच्या विरोधात जाते. आपल्याला मूळ, न निवळलेले रूपच मनापासून आवडले असेल, तर मात्र हे सगळे बाजूला ठेवून पहिल्या वर्षांतलीच गाडी घ्यावी, कारण ते रूप पुन्हा मिळत नाही.